जमत नाही, की शिकवलेच नाही?

(पुण्यात शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कला शाखेच्या एका पदवीधराने, त्यातही आयुष्यभर बातम्या लिहिण्यात बोटे झिजविलेल्या पत्रकाराने, आपल्यासमोर शरीराच्या हालचालींच्या शास्त्राविषयी बोलावे, हे धाडसच आहे. आयोजकांना मी तसे सांगूनही पाहिले. पण या विषयाशी माझे एक जुने देणे आहे आणि ते सांगूनच आरंभ करतो.

मी आठवीत असतानाची गोष्ट. शाळेच्या मैदानावर लांब उडीचा खड्डा होता. वाळू महिनोन्‌महिने न उकरल्यामुळे ती दगडासारखी बसलेली. आम्हा मुलांना रांगेत उभे केले आणि आज्ञा झाली, "जोर लावा आणि मारा उडी!" मी जोर लावला. हवेतून खाली येताना पाय ताठ ठेवले, कारण ताठ ठेवू नयेत हे कुणी सांगितलेच नव्हते. घोटा असा मुरगळला की पंधरा दिवस घरी बसलो. परत आलो तेव्हा वर्गासमोर निकाल जाहीर झाला, "हे याचे काम नव्हे, याला जमत नाही." तो निकाल मी निमूटपणे स्वीकारला आणि मैदानाकडे पाठ फिरविली. पुढे अनेक वर्षांनी क्रीडावृत्त लिहिण्याच्या निमित्ताने एका प्रशिक्षकांशी बोलत होतो. सहज हा प्रसंग सांगितला. ते हसले, उठून उभे राहिले आणि मला जागच्या जागी दोन उड्या मारायला लावल्या. एक पाय ताठ ठेवून, दुसरी गुडघे वाकवून. "फरक कळला? पहिल्यात सगळा धक्का एका क्षणात थांबला, दुसऱ्यात तुम्ही त्याला थांबायला वेळ दिलात." दोन मिनिटांचा धडा होता. तो आठवीत मिळाला असता तर मी खेळाडू झालो असतो, असा माझा मुळीच दावा नाही. पण मैदानाला पाठ खचितच दाखविली नसती.

मंडळी, 'जैवयांत्रिकी' हा भारदस्त शब्द ऐकून दचकू नका. त्याचा अर्थ एवढाच की, जिवंत शरीरालाही तेच नियम लागू आहेत, जे दगडाला, तरफेला आणि बैलगाडीच्या चाकाला आहेत. १६८० साली इटलीतील बोरेली या विद्वानाचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने हाडे म्हणजे तरफा आणि सांधे म्हणजे टेकू, असे मांडले. आपला कोपर घ्या. दंडाचा स्नायू पुढच्या हाताला सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला असतो आणि तळहातावरचे ओझे असते तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे पाच किलोची पिशवी कोपरात वाकवलेल्या हाताने धरून ठेवताना त्या स्नायूला सात-आठ पट, पस्तीस-चाळीस किलोंची ओढ सोसावी लागते. हीच पिशवी शरीराजवळ धरली की हलकी का वाटते, हे कोपरापासूनच्या या अंतरात दडलेले आहे. भाजी आणणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक आहे. तिला फक्त कारण कुणी सांगितलेले नाही.

आता आपल्या शाळांकडे पाहा. राज्य मंडळाच्या सहावीच्या विज्ञानात मुले साधी यंत्रे शिकत आली आहेत. नववीच्या पुस्तकाचा पहिला पाठ गतीचे नियम आणि दहावीचा पहिला पाठ गुरुत्वाकर्षण. त्या पाठांची सगळी उदाहरणे मैदानावर चालती-बोलती उभी असतात. पण वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये आपण एक भिंत बांधून ठेवली आहे. विज्ञानाचे शिक्षक मैदानावर येत नाहीत आणि मैदानावरच्या शिक्षकांना विज्ञानाचे काय, असे शिक्षकखोलीत मानले जाते. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणात जैवयांत्रिकीचे प्रकरण आहे, ही चांगली गोष्ट. पण तो विषय निवडणाऱ्यांपुरता, तोही सतराव्या वर्षी आणि बाकावर बसून उत्तरपत्रिकेत लिहिण्यासाठी! प्रक्षेपकाचा कोन पाठ आहे, पण चेंडू कधी त्या कोनात फेकून पाहिलेला नाही, अशी मुले आपण तयार करणार आहोत काय?

आज येताना मी घरचा एक वजनकाटा बरोबर आणला आहे. जुना, काट्याचा, पाय ठेवला की तबकडी फिरते तो. आकड्यांचा नवा नको, कारण त्यात हालणारा काटा दिसत नाही. पाचवी-सहावीच्या एखाद्या मुलाला यावर उभे करा आणि झटकन खाली बसायला सांगा. काटा आधी खाली जाईल, म्हणजे मुलाचे 'वजन' घटेल आणि बसणे थांबताना तो एकदम उसळून मूळ वजनाच्याही वर जाईल. मूल तेच, शरीर तेच. मग वजन बदलले कसे? वर्गात या प्रश्नावर जो गदारोळ होईल, तो माझ्या मते न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची उत्तम प्रस्तावना आहे.

दुसरा प्रयोग याहून महत्त्वाचा. मुलाला जोर काढण्याच्या स्थितीत घ्या, पाय जमिनीवर आणि दोन्ही तळहात काट्यावर. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाच्या हातांवर तीसेक किलो भार दिसेल, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश. आता त्याला गुडघे टेकायला सांगा. भार निम्म्याच्या आसपास येईल. हात बाकावर ठेवून तिरपे व्हायला सांगितले तर आणखी कमी. आपण काय करतो? चाळीस मुलांना एका रांगेत घालून दहा जोर काढा म्हणतो. ज्यांच्या दंडात तेवढे बळ आहे ते काढतात, ज्यांच्यात नाही ते कंबर खाली सोडून कसेबसे लोंबकळतात आणि त्यांच्या नावापुढे कायमचा शेरा बसतो की, जमत नाही. हमाल नवा असेल तर त्याच्या पाठीवर पहिल्याच दिवशी क्विंटलचे पोते कुणी देत नाही, आणि मुलांना मात्र देतो! ज्या मुलीला आज पूर्ण जोर येत नाही, तिला बाकावर हात टेकून येईल. महिन्याने गुडघ्यांवर येईल, पुढे पूर्ण येईल. शिक्षकाच्या हाती भार कमी-अधिक करण्याची किल्ली आहे. ती फिरविण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे सर्व आपल्याकडे होतेच की! आखाड्यात, तालमीत वस्ताद हेच शिकवीत नव्हते काय? होय, शिकवीत होते आणि अभिमान वाटावा इतके बारकाईने शिकवीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. त्या खांबाला एरंडेल चोळतात. वरवर पाहता हा उलटा प्रकार आहे, कारण ज्यावर चढायचे तेच निसरडे करायचे! पण विचार करा. तेलामुळे घर्षण घटते, कातडी सोलवटत नाही आणि नुसत्या कातडीच्या चिकटण्यावर लटकणे अशक्य होते. मग अढी घालताना मांड्यांनी खांबाला अधिक दाबावे लागते, म्हणजेच पकड बळाची होते. खांब वर निमुळता होत जातो, तशी पकडही बदलते. तालमीतला धोबीपछाड घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावरून ओढायचा, झटक्यात पाठ वळवायची आणि आपली कंबर त्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली न्यायची. कंबरेचा टेकू झाला की, आपल्याहून भारी मल्लही उचलला जातो. चिंचेच्या तालमीत किंवा गोकुळ वस्ताद तालमीत घडलेल्या पहिलवानाला तरफेचा वर्ग विचारला तर कदाचित सांगता येणार नाही. पण कंबर चार बोटे वर राहिली तर डाव फसतो, हे त्याचे शरीर जाणते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलतो, रुचली नाही तर क्षमा करा. आपल्या पूर्वजांना न्यूटन आधीच ठाऊक होता, असे म्हणत टाळ्या मिळविणे सोपे आहे. ते खरे नव्हे आणि त्याने पूर्वजांचा गौरवही होत नाही. वस्तादांचे ज्ञान डोळ्यांत आणि हातांत होते. ते लिहिले फार कमी गेले, मोजले त्याहून कमी गेले. म्हणून वस्ताद गेला की ज्ञानही जाई. ज्यांनी ही उणीव ओळखली त्यांची नावे आपण घेतली पाहिजेत. बडोद्याचे प्रा. माणिकराव आखाडाही चालवीत आणि हाडेही बसवीत. त्यांच्या तालमीत घडलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रिया चक्क क्ष-किरणांखाली व दाबमापकापुढे आणल्या. नौलीत पोटाच्या आत दाब खरोखर उणे होतो काय, हे त्यांनी नळी जोडून मोजले आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापले. त्याच वर्षी इकडे पुण्यात शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. या मंडळाने पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही उभे केले. श्रद्धा आणि मोजपट्टी यांत वैर नाही, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच प्रांतात सिद्ध झाले आहे.

आता ज्या खेळाने पुण्याचे नाव जगात नेले, त्या खो-खोकडे वळतो. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम तयार केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला ही दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळविली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या खेळाला साहित्य म्हणून दोन खांब पुरतात, त्याच्यासारखी हालचालींची दुसरी शाळा मला माहीत नाही.

एका बसलेल्या मुलाला खो मिळतो, तो क्षण बारकाईने पाहा. बहुतेक मुले आधी सरळ उभी राहतात आणि मग पळू लागतात. त्या उभे राहण्यात जोर गेला तो सगळा आकाशाकडे. पळणाऱ्याला तेवढ्यात दोन पावले मिळाली. जाणता खेळाडू मात्र बसल्या स्थितीतच वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर घेतो. खो मिळताच छाती पुढे झोकतो, तोल जाऊ देतो आणि पडता पडता पळू लागतो. म्हणजे गुरुत्वमध्य पायांच्या आधाराबाहेर पुढे गेला आणि जमिनीला मागे रेटा मिळाला. एका जुन्या खेळाडूने हे मला पाच शब्दांत सांगितले होते, "उठून पळू नको, पळत ऊठ." मुलांना हे वाक्य सांगा, दोन्ही प्रकार करून पाहायला लावा आणि घड्याळ लावून वेळ मोजू द्या. क्रियेला प्रतिक्रिया असते, हा तिसरा नियम त्यांच्या तळपायांना कळेल.

खांबाचेही तसेच. धावत आलेला पाठलाग करणारा एका हाताने खांब धरून गर्रकन वळतो. वळताना शरीराला सरळ रेषेत निसटायचे असते. त्याला आत ओढणारे बळ खांबावरच्या हातातून मिळते. खांब न धरता तेच वळण घ्यायला सांगा. मग सगळी जबाबदारी तळव्याखालच्या घर्षणावर येते आणि मुलगा एक तर वेग कमी करतो, नाही तर मातीत घसरतो. आणि हुलकावणी? पाठलाग करणाऱ्याला खांबाला वळसा घातल्याशिवाय उलटी दिशा घेता येत नाही, हा नियम आहे. पळणारा त्याला आपल्या खांद्यांनी एका बाजूचा भास देतो, पण कंबर मात्र खाली आणि मध्यावर राखतो. खांदे फसवतात, कंबर फसवू शकत नाही. पाठलाग करणाऱ्याला 'खांद्याकडे पाहू नको, कंबरेकडे पाहा' असे सांगण्यामागचे कारण हेच.

अर्थात माती बदलली की नियम नव्हे, पण गणित बदलते. खाशाबा जाधवांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा हा भाग क्वचितच सांगतो. गोळेश्वरच्या या मल्लाचे बळ लाल मातीत वाढले. १९४८ मध्ये लंडनला मॅटवरची कुस्ती त्यांना नवखी होती. माती पायाला किंचित रुतवते, मॅट त्याला फिरू देते. साहजिकच पाऊल टाकणे आणि वळणे यांचा वेळ निराळा. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले, सहावा क्रमांक आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक. मातीतून मॅटवर जाताना काय बदलते हे समजावून देणारा माणूस भेटला, याला मी फार महत्त्व देतो.

आणि 'जमत नाही' या शब्दांची खरी गंमत पाहायची असेल तर अमेरिकेतील डिक फॉस्बरीकडे पाहा. शाळेत असताना त्याला उंच उडीची त्या काळातली रूढ पद्धत काही केल्या साधेना. धडपडत त्याने स्वतःची रीत काढली, आडव्या काठीवरून पाठ खाली करून, शरीर धनुष्यासारखे वाकवून जाण्याची. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याच रीतीने २.२४ मीटर उडी मारून त्याने सुवर्णपदक जिंकले. शरीर असे कमानदार वाकले की, देह काठीवरून जातो, पण गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो. आज तीच पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण सावध करतो. ही उडी शक्य झाली ती पाठीवर पडायला जाड मऊ गादी आल्यामुळे. आपल्या शाळेतल्या वाळूच्या खड्ड्यात कुणी ती करून दाखवू नका, मुलांनाही करू देऊ नका.

यावरून दुखापतीकडे येतो, कारण या विषयाचा खरा जीव तिथे आहे. पौगंडावस्थेत हाडे वेगाने लांबतात, स्नायू मागे पडतात. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आपण कामचुकार म्हणतो. उड्या मारण्याच्या आणि दिशा बदलण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. उडीवरून खाली येणाऱ्या मुलीला समोरून पाहा. गुडघे आत, एकमेकांकडे झुकत असतील, तर ती धोक्याची खूण आहे. ती ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही, लागते ती पाहण्याची सवय. वाकून, हलके, आवाज न करता उतरायला शिकविले आणि मांड्या व कंबर यांचे बळ वाढविले तर अशा दुखापती लक्षणीय घटतात, हे फुटबॉलपटूंसाठी बनविलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या तयारीच्या व्यायामांनी जगभर दाखवून दिले आहे. आपल्या तासाची पहिली दहा मिनिटे तरी त्यासाठी द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक अप्रिय विषय. बेडूकउड्या, उठाबशा, कोंबडा करून उभे राहणे. शारीरिक शिक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध ठरविली आहे, हे आपण सारे जाणता. तरी ती पूर्ण गेली, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? बैठक हा आपल्या आखाड्यांचा प्राण. ती गृहपाठ न केल्याचा दंड म्हणून वापरली की, मुलाच्या मनात व्यायामाची गाठ कायमची अपमानाशी बसते. शिवाय थकलेल्या मुलाकडून पन्नासावी बेडूकउडी जेव्हा करवून घेतली जाते, तेव्हा तिच्यात ना तोल असतो ना नियंत्रण. असतो फक्त वाढत्या गुडघ्यावर आदळणारा भार. गणिताच्या शिक्षकांनी शिक्षेसाठी मुलाला तुमच्याकडे पाठविले तर त्याला परत पाठवा, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.

तास मिळत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. परीक्षा आली की पहिला बळी मैदानाचा. पण मुख्याध्यापकांशी बोलताना आपण आपल्या विषयाची बाजू नेहमी 'मुले ताजीतवानी होतात' एवढीच मांडतो. त्यांना एकदा सांगून पाहा की, नववीचा गतीचा पाठ या आठवड्यात मैदानावर होणार आहे. विज्ञानाच्या बाईंनाही बोलवा. आणखी एक साधन आता सर्वांच्या खिशात आहे. धावणारा घोडा चारही पाय उचलतो की नाही, हे पाहण्यासाठी १८७८ मध्ये मायब्रिजला कॅमेऱ्यांची रांग लावावी लागली होती. तुमच्या मोबाइलवर तेच संथ गतीचे चित्रण एका बोटाने होते. मुलाला त्याची स्वतःची उडी दाखवा, चूक तोच शोधेल. मात्र पालकांना विचारल्याशिवाय चित्रण करू नका, दाखवून झाले की ते पुसून टाका आणि कुठल्याही गटावर पाठवू नका.

शब्दांचे एक सांगतो, कारण तो माझा प्रांत आहे. मुलांना 'जैवयांत्रिकी' म्हणू नका. तोल, झोक, ठाव, रेटा, टेकू, पवित्रा, हुलकावणी हे शब्द तालमीने आणि मैदानाने आपल्याला घडवून दिले आहेत. आधी हे शब्द शरीराला कळू द्या. गुरुत्वमध्य आणि त्वरण नंतर आपोआप त्यांच्या शेजारी येऊन बसतील.

मी बराच वेळ घेतला. वजनकाटा इथे पुढेच ठेवतो. चहापानाच्या वेळी ज्यांना जोर काढून आपला भार पाहायचा असेल त्यांनी पादत्राणे काढून यावे. आरंभ मी करतो. गुडघे टेकून करीन, कारण पूर्ण जोर मला अजून येत नाही.